पहिली गाडी घेतली, आता कोणत्या ट्रान्सपोर्टला लावू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न एकच ट्रक असलेल्या आणि तो स्वतः चालवणाऱ्या मालकांचे आहेत. गाडी सहा चाकी असो नाहीतर चौदा चाकी, पहिल्या वर्षी अडचणी सारख्याच येतात. अशा मालकांचे हिशेब मी लिहितो. त्यांच्या भाड्याच्या वह्या, मेमो (भाडं आणि अटी लिहिलेला कागद) आणि पोचपावत्या रोज माझ्या टेबलावर असतात. ज्यांची गाडी फायनान्सवाल्यांनी ओढून नेली, त्यांतल्या बहुतेकांना काम कमी पडलं नव्हतं. केलेल्या कामाचे पैसे हप्त्याच्या तारखेला हातात नव्हते, एवढंच. म्हणून खालच्या उत्तरांत दरापेक्षा वसुलीबद्दल जास्त लिहिलं आहे.

गाडी लावायची म्हणजे नेमके कोणते रस्ते आहेत?

तीन. पहिला मार्केटचा. निगडीचं ट्रान्सपोर्ट नगर, कळंबोली, भिवंडी अशा ठिकाणी हुंडेकऱ्याकडे (माल पाठवायचं काम घेणारा) किंवा ब्रोकरकडे जायचं, भाडं ठरवायचं, मेमो घ्यायचा आणि गाडी भरायला लावायची. दर फेरीला नवा सौदा, त्यामुळे तेजी आली की चांगलं भाडं मिळतं आणि मंदीत दोन-दोन दिवस गाडी उभी राहते.

दुसरा रस्ता अटॅच करण्याचा. ट्रान्सपोर्ट कंपनीचा एखाद्या कारखान्याशी वर्षाचा करार असतो, त्यात तुमची गाडी कायम चालते. दर ठरलेला, मार्ग बहुधा ठरलेला, बिल महिन्याने.

तिसरा म्हणजे थेट पार्टीचं, म्हणजे ज्याचा माल त्याचं काम. मोठा कारखाना एका गाडीवाल्याला उभं करत नाही, कारण त्याला रोज गाडी हवी असते आणि तुमची परवा गेलेली गाडी अजून हुबळीलाच असते. पण तालुक्यातला पशुखाद्यवाला, सिमेंटचा डीलर, रोपवाटिका असं थेट काम मिळत असेल तर ते सोडू नका.

माझा सल्ला असा की पहिले पाच-सहा महिने मार्केटमध्ये दोन-तीन कंपन्यांचा माल भरून बघा. कोण कसे पैसे देतो हे कळलं की त्यांतल्या एकाकडे अटॅच व्हा. पहिल्याच आठवड्यात वर्षाच्या करारावर सही करू नका.

एक कंपनी टनाला शंभर रुपये जास्त देते. तिच्याकडेच जावं ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून हिशेबच मांडतो. आकडे समजुतीपुरते आहेत, तुमच्या मार्गाचे आकडे तुम्ही घाला.

समजा चाकणहून बंगळुरूचा १८ टन माल आहे. पहिली कंपनी टनाला २,३०० रुपये देते, म्हणजे ४१,४०० रुपये भाडं. दुसरी २,२०० देते, म्हणजे ३९,६००. फरक फेरीला १,८०० रुपयांचा. महिन्याला अशा ५ फेऱ्या धरल्या तर ९,००० रुपये. इथवर पहिली कंपनी पुढे आहे.

आता पुढचं बघा. पहिली कंपनी भरायची हमाली तुमच्याकडून घेते, समजा फेरीला १,५००. महिन्याला ७,५०० गेले. राहिले १,५००. पहिली कंपनी ७० टक्के अ‍ॅडव्हान्स देते आणि बॅलन्स (उरलेलं भाडं) पोच, म्हणजे माल मिळाल्याच्या सहीचा कागद, जमा केल्यावर दोन महिन्यांनी. म्हणजे दर फेरीचे १२,४२० रुपये बाहेर. दोन महिन्यांत १० फेऱ्या झाल्या की १,२४,२०० रुपये त्या कंपनीकडे अडकले, आणि तुम्ही तिथे काम करता तोवर ते अडकलेलेच राहणार. जुने आले की नवे अडकतात. तेवढे पैसे तुम्ही डिझेलसाठी नाहीतर हप्त्यासाठी शेकडा दोन रुपये महिना व्याजाने उचलले, तर व्याजाचे २,४८४ रुपये झाले. शंभर रुपये जास्त देणारी कंपनी महिन्याला हजार रुपयांनी स्वस्तात काम करून घेते आहे.

दुसरी कंपनी ९० टक्के अ‍ॅडव्हान्स देते, हमाली स्वतः भरते आणि उरलेले ३,९६० रुपये आठवड्यात खात्यावर टाकते. शिवाय पहिल्या कंपनीकडे गाडी खाली व्हायला एक-दोन दिवस जास्त लागत असतील, तर महिन्याची एखादी फेरीच बुडते. तो तोटा वरच्या हिशेबात धरलेलाही नाही.

म्हणून कंपनीत गेल्यावर दराच्या आधी चार गोष्टी विचारा: अ‍ॅडव्हान्स किती, बॅलन्स पोच दिल्यापासून किती दिवसांत, हमाली कोणाची आणि गाडी उभी राहिली तर रोजचे किती. या चारांची उत्तरं मिळाल्यावर मग टनाचा दर.

अ‍ॅडव्हान्समधून आणि बॅलन्समधून काय काय कापतात?

मेमोचे पैसे, ब्रोकरची दलाली, ऑफिसमधल्या मुनीमजीचं चहापाणी, पोच उशिरा दिली म्हणून दंड, माल घटला म्हणून कपात. काही ठिकाणी अ‍ॅडव्हान्स रोख न देता डिझेल कार्डावर टाकतात आणि ठराविक पंपावरच भरायला लावतात. डिझेल कार्ड वाईट नाही, पण टोलसाठी फास्टॅगमध्ये आणि वाटेच्या खर्चासाठी खिशात पैसे लागतात, ते वेगळे मागून घ्या.

कपातीचा प्रत्येक आकडा मेमोवर लिहून घ्यायचा. "नंतर बघू" म्हणून सोडलेली रक्कम नंतर कोणी बघत नाही.

पोच म्हणजे सही-शिक्का असलेला कागद, एवढंच ना?

तुमचा बॅलन्स त्या कागदावरच अवलंबून आहे, म्हणून जरा नीट सांगतो. माल खाली झाल्यावर बिल्टीच्या (मालासोबतची ट्रान्सपोर्टची पावती) पोच प्रतीवर माल घेणाऱ्याची सही, गोल शिक्का, तारीख आणि वेळ हवी. गाडी गेटवर किती वाजता लागली आणि बाहेर किती वाजता पडली, हे दोन्ही लिहून घ्या. हॉल्टिंग, म्हणजे गाडी उभी राहिल्याचे पैसे, मागताना तेवढाच पुरावा असतो.

मग शेऱ्याकडे बघा. गोडाऊनचा माणूस शिक्का मारता मारता कोपऱ्यात "२ गोणी ओल्या" किंवा "१ बॉक्स फाटका" असं लिहितो, तुम्ही ताडपत्री घडी करत असता आणि कागद न बघता डॅशबोर्डवर टाकता. महिन्याने कंपनी त्या चार शब्दांवर तुमचं निम्मं बॅलन्स कापते. शेरा खरा असेल तर त्याच जागी फोटो काढा, कोणत्या गोणी, किती ओल्या ते दिसू द्या. खोटा असेल तर गाडी गेटबाहेर काढायच्या आधी ट्रान्सपोर्टला फोन करा. एकदा गेट सुटलं की तुमचं म्हणणं कोणी ऐकत नाही.

पोचेचा फोटो लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, मूळ कागद ऑफिसात देताना दुसऱ्या प्रतीवर "मिळाली" अशी सही घ्या. बॅलन्सचे दिवस त्या सहीच्या तारखेपासून मोजायचे. पोच सापडत नाही ही सबब मी इतक्या वेळा ऐकली आहे की आता आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला ही दुसरी प्रत ठेवायलाच लावतो.

हमाली, वाराई आणि हॉल्टिंग कोणी द्यायचं?

"ज्याचा माल त्याचा हमाल" ही घोषणा गाडीवाल्यांनी उगाच केलेली नाही. माल तुमचा नाही, तो चढवणं-उतरवणं हा तुमचा धंदाही नाही, तरी वाराई, म्हणजे हमालांना द्यावे लागणारे पैसे, ड्रायव्हरच्या खिशातून जाते. हमाल-माथाडींशी भांडू नका, ते त्यांच्या घामाचे पैसे मागतात. प्रश्न ते कोणी द्यायचे हा आहे आणि तो गाडी भरायच्या आधी ट्रान्सपोर्टशी सोडवायचा. मेमोवर "हमाली पार्टीची" असं लिहून घ्या. नाहीच ऐकत, तर ती रक्कम भाड्यात धरून मागा.

हॉल्टिंगचंही तसंच. पहिला एक दिवस सोडून पुढे रोजचे अमुक, असं ठरवून घ्या. गाडी उभी असतानाही हप्ता, विमा आणि रोड टॅक्स चालूच असतात.

कंपनी खरी आहे का, हे कसं ओळखायचं?

२००७ च्या रस्ते वाहतूक कायद्यानुसार माल बुक करणारी कंपनी, एजंट आणि ब्रोकर या सगळ्यांना कॉमन कॅरियर (लोकांचा माल भाड्याने वाहणारा) म्हणून नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक विचारा. जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून बघा, नाव आणि पत्ता जुळतो का, नोंदणी चालू आहे की रद्द झाली, हे तिथे फुकट दिसतं.

पण कागदापेक्षा पार्किंगमधली माणसं जास्त सांगतात. कंपनीच्या गोडाऊनबाहेर गाड्या उभ्या असतात तिथे संध्याकाळी जा. स्वयंपाक चाललेला असतो, लोक निवांत असतात. "मागच्या महिन्याचं बॅलन्स आलं का?" एवढंच विचारा. मालकाने केबिनमध्ये बसवून दिलेल्या आश्वासनापेक्षा तिथलं उत्तर खरं असतं. त्याच गाड्या तिथे वर्षानुवर्षं चालत असतील तर चांगली खूण. दर दोन महिन्यांनी सगळ्या गाड्या नव्या दिसत असतील तर लांब राहा.

फोनवर किंवा अ‍ॅपवर भेटलेला, आधी कमिशन मागणारा अनोळखी ब्रोकर टाळा. माल भरलेला नसताना एक रुपयाही पाठवू नका. आणि माल एका ब्रोकरने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला दिलेला असेल, तर बिल्टी कोणाच्या नावाची आहे ते बघा. पैसे बुडाले की तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

कोणता माल घेऊन सुरुवात करावी?

तुमच्या घराजवळून निघणारा. जालन्याचा माणूस सळईच्या गाड्या बघतच वाढलेला असतो, चंद्रपूरकडच्याला सिमेंट आणि कोळसा ठाऊक असतो, रावेर-सावद्याकडे केळी, लासलगाव-पिंपळगावकडे कांदा, उरण-पनवेलकडे न्हावाशेवाचे कंटेनर. ओळखीचा माल म्हणजे ओळखीची माणसं, आणि अडचणीला तीच उभी राहतात.

प्रत्येक मालाची खोड वेगळी. केळी-कांद्याला भाडं बरं असतं पण वेळेची घाई, आणि उशीर झाला की माल खराब झाल्याचं खापर गाडीवर. सळई-पत्र्याला वजन पटकन भरतं, पण बांधणी चुकली तर ब्रेक मारताच माल केबिनवर येतो. सिमेंटला पावसाळ्यात ताडपत्रीची परीक्षा. बंदरात रांगेत बराच वेळ जातो. कारखान्याचे सुटे भाग, पॅकिंगचा माल, एफएमसीजी (साबण-बिस्किटांसारखा रोजच्या वापराचा माल) यांत दर मध्यम पण पैशाची शिस्त बहुधा बरी असते. पहिल्या वर्षासाठी मला हाच माल बरा वाटतो.

परतीचं भाडं कंपनी देते का?

अटॅच असाल तर विचारून घ्या, कारण कित्येक करारांत एकेरीच भाडं असतं आणि रिकामं येणं तुमच्या डोक्यावर. ज्या कंपनीची समोरच्या गावात स्वतःची शाखा आहे ती परतीचा माल देऊ शकते. नसेल तर तिथल्या ब्रोकरच्या दयेवर. परतीचं भाडं डिझेल आणि टोल काढून थोडं उरेल एवढं असलं तरी घ्या, पण त्यासाठी तीन दिवस थांबू नका.

नॅशनल परमिटच्या गाडीने परराज्यातल्या परराज्यात माल उचलायचा-टाकायचा नसतो, हेही लक्षात ठेवा. बंगळुरूला खाली करून हुबळीचा माल भरला आणि चेकिंगला सापडलात, तर कंपनी दंड भरायला येत नाही.

"सगळेच पासिंगपेक्षा (गाडीला मंजूर वजनापेक्षा) दोन टन जास्त भरतात," असं कंपनी म्हणते.

नको. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. दोन टन म्हणजे २४,००० रुपये, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा. फेरीची कमाई एका वजनकाट्यावर गेली. २०१८ मध्ये केंद्राने अ‍ॅक्सलचं वजन वाढवून दिलं आहे, तेवढ्यात धंदा बसत नसेल तर दर चुकीचा आहे. टायर, कमानी आणि ब्रेक लवकर जातात ते वेगळंच, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळतं.

भरल्यावर काटा पावती घेतल्याशिवाय निघू नका. जी कंपनी पहिल्याच फेरीला ओव्हरलोडचा आग्रह धरते ती पुढे सुधारत नाही.

कंपनी टीडीएस (भाड्यातून आधीच कापला जाणारा आयकर) कापते. बरोबर आहे का?

तुमच्या नावावर वर्षभरात कधीही १० पेक्षा जास्त मालवाहू गाड्या नसतील आणि तुम्ही पॅनसह तसं लेखी डिक्लरेशन दिलं, तर भाड्यावर टीडीएस कापायचा नसतो. ट्रान्सपोर्ट लाइनीत याला अजून १९४सीचं डिक्लरेशन म्हणतात. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला म्हणून कलमांचे आकडे बदलले आहेत, त्यामुळे छापील नमुना नवा घ्या. दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक कंपनीला द्या आणि पोच घ्या. पॅनच दिलं नाही तर थेट २० टक्के कापले जातात.

मला जीएसटी भरावा लागतो का?

गाडी ट्रान्सपोर्ट कंपनीला भाड्याने देत असाल तर त्या भाड्यावर जीएसटी माफ आहे. स्वतःच्या नावाची बिल्टी फाडायला लागलात की गोष्ट बदलते, तेव्हा आधी सीएला भेटा.

ई-वे बिलाची जबाबदारी ट्रान्सपोर्टची, मग मी कशाला बघू?

कारण अडवली जाते ती गाडी. मालाची किंमत ५०,००० रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिल, म्हणजे जीएसटीखालचा माल नेण्याचा ऑनलाइन कागद, लागतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाखाची आहे. निघण्याआधी तीन गोष्टी वाचा: गाडीचा नंबर बरोबर आहे का, माल आणि नग बिलाशी जुळतात का, मुदत कधी संपते. साधारण २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. गाडी वाटेत बिघडली तर मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या ८ तासांत ती वाढवता येते, पण ते ऑफिसातल्या माणसाने करायचं असतं. रात्री अकरा वाजता तुमचा फोन कोण उचलतो, ही कंपनी निवडताना बघायची फार मोठी गोष्ट आहे. पहिल्या फेरीला मुद्दाम उशिरा फोन करून बघा.

माल चोरीला गेला किंवा खराब झाला तर पूर्ण किंमत माझ्याकडून घेतील?

मागतील. पण माल पाठवणाऱ्याला ट्रान्सपोर्ट कंपनीने द्यायची भरपाई साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित आहे, जास्त जोखमीचा वेगळा दर ठरवलेला नसेल तर. मग तुमच्या करारात "मालाची संपूर्ण किंमत गाडीमालक देईल" असं वाक्य कशासाठी? ते खोडायला सांगा. तुमच्या गाडीचा विमा मालाला लागू होत नाही, मालाचा ट्रान्झिट विमा वेगळा असतो. तो कोणी काढला आहे हे भरतानाच विचारा. चोरी झाली तर आधी पोलीस ठाणे, मग कंपनीला फोन.

कंपनी सुरक्षेसाठी कोरा चेक किंवा मूळ आरसी मागते.

देऊ नका. झेरॉक्स द्या.

ट्रान्सपोर्ट मालक म्हणतो, डाउन पेमेंटला मी पैसे देतो, गाडी माझ्याकडेच चालव. घ्यावेत का?

ज्यांच्याकडे दुसरा आधार नाही त्यांना हा प्रस्ताव देवासारखा वाटतो, आणि काही मालक खरोखर चांगल्या मनाने हात देतात. पण ज्याचे पैसे तुमच्या अंगावर आहेत त्याच्याशी दरावरून बोलता येत नाही. डिझेल महाग झालं, दर तोच. दुसऱ्याकडे चांगलं भाडं आलं, जाता येत नाही. घ्यायचेच असतील तर रक्कम, व्याज, महिन्याची कपात आणि शेवटची तारीख स्टॅम्प पेपरवर लिहा, गाडी स्वतःच्याच नावावर ठेवा आणि "पैसे फिटेपर्यंत दुसरीकडे चालवायची नाही" ही अट असेल तर बाजारभावाप्रमाणे दर बदलण्याची अटही त्याच कागदावर येऊ द्या.

सुरुवातीला हाताशी किती पैसे हवेत?

हप्ता सोडून निदान दोन महिन्यांचं डिझेल, टोल आणि घरखर्च, शिवाय दोन टायरचे पैसे. सगळी पुंजी डाउन पेमेंटमध्ये घातलेला माणूस पहिल्या महिन्यापासूनच वाईट अटी मान्य करतो. नवी गाडी परवडत नसेल तर सुस्थितीतली जुनी घ्या, फक्त गाडीचं वय बघा: ८ वर्षांची होईपर्यंत फिटनेस सर्टिफिकेट दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी.

बॅलन्स थकलं आहे आणि कंपनी टाळाटाळ करते. काय करू?

आधी नवा माल भरणं थांबवा. "हा माल घेऊन जा, मागचे पण देतो" या वाक्यावर माणसं लाख-लाख रुपये वाढवून बसतात. फेरीनिहाय यादी करा: बिल्टी क्रमांक, तारीख, भाडं, मिळालेले, राहिलेले, पोच दिल्याची तारीख. ती लेखी पाठवा.

उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंद) गाडी घेतल्याबरोबर करून ठेवा, फुकट आणि ऑनलाइन होते. सूक्ष्म उद्योग म्हणून तुमचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणं घेणाऱ्यावर बंधनकारक आहे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं आणि तक्रार सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन करता येते. शिवाय मुदत उलटून मार्चअखेरही थकलेली रक्कम कंपनीला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. म्हणून मार्चमध्ये कंपनीच्या अकाउंटंटला उद्यम क्रमांकासह थकबाकीची यादी पाठवा. मालक फोन उचलत नसला तरी अकाउंटंट उचलतो.

दोन कंपन्यांकडे एकाच वेळी काम करता येतं का?

करारात मनाई नसेल तर करावंच. एकीचं काम थंडावलं की दुसरीकडे नंबर लागतो आणि दर विचारताना तोंड उघडायची हिंमत राहते. फक्त एकीला शब्द देऊन ऐनवेळी दुसरीकडे गाडी लावू नका. गाडी भरायला येणार म्हणून हमाल बोलावलेले असतात, कारखान्याला वेळ दिलेली असते. येता येणार नसेल तर आदल्या संध्याकाळी कळवा. वेळेवर लागणाऱ्या गाडीला मंदीतही आधी फोन जातो आणि बॅलन्सच्या यादीत तिचं नाव वर असतं.